सगळे कॅमेरे स्टेजवर

“तुम्हाला नंबर मिळणार नाही,” जोशी म्हणाले.

चहा त्यांनी आधीच नाकारला होता. समोरच्या ताटलीतली पेरूची एक फोड मात्र उचलली, तिच्यावरचं तिखटमीठ झटकलं आणि तोंडात टाकली. नंबर नाकारताना माणूस निदान पेरू तरी नाकारेल असं मला वाटलं होतं.

नंबर म्हणजे सेट-टॉप बॉक्सवरचा चॅनेल नंबर. तुम्ही रिमोटवर जो आकडा दाबता तो. आमच्या धंद्यात सगळा खेळ त्या आकड्याचा. आकडा गेला की ऑफिस राहतं, कॅमेरे राहतात, माणसं राहतात, फक्त बघणारं कोणी राहत नाही.

आमच्या चॅनेलचं नाव ‘खेळगडी’. राहात्याच्या बाजारपेठेत एका कापडदुकानाच्या माडीवर आमचा स्टुडिओ होता. केबलवरचं स्पोर्ट्स चॅनेल म्हटलं की लोकांना मोठे स्टेडियम आठवतात. आमच्याकडे तालुक्यातली कबड्डी, टेनिस बॉलचं क्रिकेट, जत्रेतल्या कुस्त्या आणि शाळांचा खो-खो असायचा. मालक आबा. तरुणपणी स्वतः खांबावर चढून वायरी ओढलेला माणूस. मी प्रोड्यूसर, डायरेक्टर, एडिटर आणि पाहुणे आले की चहा सांगणारी. जोशी पुण्याच्या एका मोठ्या केबल नेटवर्कचे. आबांचं केबलचं जाळं त्यांनी नुकतंच घेतलं होतं, आणि वायर ज्याची झाली तो तिच्यातून काय जायचं ते ठरवतो.

“सर, आमची गावागावांत ओळख आहे,” मी म्हणाले.

“ओळख सगळ्यांची असते हो मॅडम. बॉक्सवर जागा मर्यादित आहे. तुमच्याकडे असं काय आहे जे दुसऱ्याकडे नाही?”

“रिप्ले,” मी म्हणाले.

ते हसले. मग मी त्यांना समजावून सांगितलं, तेव्हा हसायचे थांबले.

झालं होतं असं, की गावच्या स्पर्धेत भांडण ठरलेलं. पाय रेषेला लागला की नाही, झेल जमिनीला टेकला की नाही. पंच बिचारा स्थानिक, त्याला त्याच गावात राहायचं असतं. आम्ही लाईव्ह दाखवायला लागलो तसे लोक यंत्रं बसवलेल्या आमच्या टेम्पोभोवती जमायला लागले. “ताई, तेवढं परत दाखवा.” मी दाखवायची. जे दिसेल ते सगळे मानायचे. पुढं पुढं स्पर्धेच्या पत्रकावरच छापायला लागले, की वादाच्या चढाईचा निर्णय ‘खेळगडी’च्या रिप्लेवर होईल. मैदानाशेजारी एलईडी स्क्रीन लावायचे आणि आम्ही त्याच्यावर रिप्ले सोडायचो. एकदा एका बाईंचा ऑफिसला फोन आला होता, “ताई, तो कालचा रनआऊट परत लावा ना, दोघं भाऊ जेवायला बसंनात.” मी लावला. दोघं जेवले असावेत, कारण परत फोन आला नाही.

जोशी म्हणाले, “हे मला बघायचंय. एक फायनल नीट करून दाखवा. वाद झाला तर रिप्ले, स्क्रीनवर, सगळ्यांसमोर. मी पुण्यात बसून बघतो. जमलं तर नंबर देतो.”

“शब्द?”

“शब्द,” ते म्हणाले आणि दुसरी फोड उचलली.

पुणतांब्याची महिला कबड्डी स्पर्धा तोंडावर आली होती. तिची फायनल आम्ही धरली.

जोशी जिना उतरले तसे आबा म्हणाले, “नंबर आसा खेळावर मिळत नसतो.”

“मग कशावर मिळतो?”

“वरून फोन जावा लागतो. मी साहेबांना फायनलला बोलावलंय. त्यांचा एक शब्द गेला की जोशी घरी आणून दील नंबर.”

साहेब म्हणजे आमच्या भागातले पुढारी. निवडणूक जवळ आली की त्यांना खेळाची आवड उत्पन्न व्हायची. आबांचा त्यांच्यावर फार विश्वास. साहेबांनी आबांना आजवर काय दिलं होतं ते मला माहीत नाही, खांद्यावर हात मात्र बऱ्याचदा ठेवला होता.

“बोलवा,” मी म्हणाले. “पण सत्कार सामना संपल्यावर.”

“व्हय व्हय.”

“आणि टॉकबॅकवर तुम्ही बोलायचं नाही.”

टॉकबॅक म्हणजे आमच्या कानातलं बोलणं. डायरेक्टर टेम्पोत बसते. तिला मैदान दिसत नाही, फक्त मॉनिटर दिसतात, म्हणजे प्रत्येक कॅमेऱ्याचा छोटा टीव्ही. ती हेडफोनवरून कॅमेरामनला सांगते, कुठं बघायचं. त्या लाईनवर एकच आवाज असावा लागतो. आबांनी हट्टानं स्वतःसाठी एक सेट घेतला होता, कारण मालकाला सगळं कळायला पाहिजे.

“आगं मी कशाला बोलतोय,” आबा म्हणाले.

आता कॅमेरामनबद्दल सांगते, कारण खरी गोम तिथं आहे. आमचे तिन्ही कॅमेरामन लग्नाच्या शूटिंगमधून आलेले. आमच्या भागात दुसरीकडून कॅमेरामन येतच नाही. लग्नात शिकलेला हात म्हणजे काय, तर अंतरपाट धरलेला असो की मंगलाष्टकं चाललेली असोत, मांडवात कोणी मोठा माणूस शिरला की कॅमेरा तिकडं वळलाच पाहिजे. नाहीतर यजमान तोंड फिरवतो. नवरीच्या गळ्यात हार पडताना चुकला तर चालतो, तो परत घालायला लावता येतो. पाहुणा परत आत आणता येत नाही.

ही सवय मोडायला मला काही वर्षं लागली. सुरुवातीला आमच्या क्रिकेटच्या लाईव्हमध्ये चेंडू सीमेपार जायचा आणि कॅमेरा मांडवात सरपंचांच्या नमस्कारावर असायचा. मी ओरडले, रुसले, एकदा हेडफोन फेकून घरी गेले. त्यातून तयार झाले ते सदूभाऊ. वयानं माझ्याहून मोठे, शांत स्वभावाचे, हात असा स्थिर की श्वास घेतात की नाही शंका यावी. त्यांना मी एक नंबरचा कॅमेरा दिला होता. तो उंच परांचीवर असतो आणि अख्खी मॅट बघतो. दोन आणि तीन नंबर खाली, जवळचे चेहरे टिपायला. रिप्ले खरा एक नंबरमधूनच यायचा, कारण कोण कुठं उभं होतं ते त्यातच कळतं.

“सदूभाऊ, जग बुडालं तरी एक नंबर मॅट सोडणार नाही,” मी दरवेळी म्हणायची.

“न्हाई सोडत ताई,” ते दरवेळी म्हणायचे.

फायनल पुणतांबा विरुद्ध सोनई. उन्हं कलल्यावर सामना सुरू झाला. मॅटच्या तिन्ही बाजूंनी माणसं, चौथ्या बाजूला स्टेज. गोदाकाठची पोरं झाडांवर चढून बसली होती. जोशींचा मेसेज आला, ‘पाहतोय. पिक्चर चांगलं आहे.’ मी तो वाचला आणि खरं सांगते, मला भूक लागली. कित्येक दिवसांत लागली नव्हती.

सोनईची एक चढाईपटू होती, पूनम. चढाई म्हणजे समोरच्यांच्या अंगणात एकटीनं शिरायचं, “कबड्डी कबड्डी” म्हणत कोणाला तरी हात लावायचा आणि परत यायचं. ही मुलगी अंगानं किरकोळ, पण आत शिरली की समोरच्या सगळ्या जणी मागं सरकायच्या. तिचे आईवडील ऊसतोडीला जातात, ती सोनईत मावशीकडं राहून खेळते, असं कॉमेंट्रीवाल्यानं सांगितलं. पुणतांब्याची लोकं पुणतांब्याची असूनही तिला टाळ्या देत होती.

शेवटाला गुण सारखे झाले आणि शेवटची चढाई पूनमकडं आली. हात लावून मध्यरेषेवर परत आली तर सोनई जिंकणार. आतच पकडली गेली, किंवा हात न लावता कडेच्या पट्टीत पाय पडला, तर पुणतांबा. ती कडेची पट्टी म्हणजे लॉबी. कोणाला स्पर्श झाला की ती खेळात धरतात, तोवर तिच्यात पाय टाकला की चढाईवाली बाद.

“एक नंबर, छान. असेच राहा. दोन नंबर, पूनमचा चेहरा. तीन नंबर, डावा कोपरा.”

पूनम मध्यरेषा ओलांडून आत गेली.

आणि त्याच वेळी गाड्या आल्या.

निवेदकाचा आवाज फुटला, “आपल्या सर्वांच्या लाडक्या साहेबांचं मैदानात आगमन होत आहे! सामना क्षणभर थांबवावा अशी पंचांना विनंती!” आमच्याकडं ही रीतच आहे. पाहुणा आला की सामना थांबतो, सत्कार होतो, भाषण होतं, मग सामना पुढं चालू. खेळाडू घाम पुसत उभ्या राहतात. सगळ्यांना सवय आहे. पण त्या दिवशी मुख्य पंच नगरहून आलेले, नियमाचे पक्के. चाललेली चढाई थांबवता येत नाही. त्यांनी थांबवली नाही.

माझ्या कानात आबा ओरडले.

“साहेब आले! स्टेजवर घ्या! सगळे कॅमेरे स्टेजवर!”

“कोणीही हलायचं नाही!” मी ओरडले. “चढाई चालू आहे! एक नंबर, मॅट! सदूभाऊ, मॅट!”

“आरं स्टेज घ्या म्हनतोय ना! हार घालत्यात!”

माझ्यासमोर तीन मॉनिटर होते. तीन नंबरवर आधी मांडवाची झालर आली. मग दोन नंबरवर साहेबांचे जोडलेले हात. एक नंबरवर मॅट होती, पूनमची पाठ होती, ती डाव्या कोपऱ्याकडं झुकली होती, आणि मग ते चित्र हळू, एकदम सफाईनं, जराही न थरथरता उजवीकडं सरकलं आणि साहेबांच्या फेट्यावर येऊन थांबलं. फोकस अगदी परफेक्ट.

बाहेर मैदानात एकच गलका झाला. मी टेम्पोत बसून साहेबांना फेटा बांधताना तीन बाजूंनी बघत होते. मी काय ओरडत होते ते मला आठवत नाही. शेजारचा रिप्लेवाला घाबरून माझ्याकडं बघत होता, इतकंच आठवतं.

सदूभाऊंनी कॅमेरा परत आणला तेव्हा पूनम मॅटच्या कडेला मध्यरेषेवर हात टेकून पडलेली होती, तिच्यावर दोघी-तिघी, आणि पंचाभोवती दोन्ही संघ. सोनईच्या मुली म्हणत होत्या हात लागला. पुणतांब्याच्या म्हणत होत्या लागला नाही, आधी पाय लॉबीत. पंचांनी दोन्ही हातांनी सगळ्यांना शांत केलं आणि आमच्या टेम्पोकडं बोट दाखवलं.

लोकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. “रिप्ले! रिप्ले!”

मी रिप्लेवाल्याला म्हटलं, “लावू नकोस.” पण त्यानं सवयीनं बटण दाबलेलं होतं. गलका झाला की दहा सेकंद मागं जायचं आणि स्लो मोशन सोडायचं, हे मीच त्याच्या अंगवळणी पाडलेलं. एवढ्या मोठ्या एलईडी स्क्रीनवर साहेब आले. सावकाश. फेट्याचं टोक सावकाश वळलं, साहेबांनी सावकाश मान वर केली, आबा बाजूला सावकाश हसले.

आधी लोक हसले. मला क्षणभर वाटलं, हसण्यावारी जाईल. मग कोणीतरी शिवी दिली, आणि त्यानंतर फक्त शिव्याच ऐकू आल्या. एकानं चिखलाचं ढेकूळ स्क्रीनवर मारलं. साहेब भाषण न करताच गाडीत बसले. त्यांना भाषण करता आलं नाही, इतकं एक चांगलं त्या दिवशी झालं.

समितीनं दोन्ही संघांना संयुक्त विजेते जाहीर केलं. कोणालाच ते पटलं नाही.

जोशींचा फोन आला.

“मॅडम, सामना कुठं होता?”

“सर, ऐका ना...”

“मी ऐकतोय की. मला तीन अँगलनी सत्कार दिसला. सत्कार दाखवणारी चॅनेल आमच्याकडं भरपूर आहेत.”

“सर, पुढची फायनल...”

“तुमच्याकडं एकच गोष्ट होती, असं तुम्हीच म्हणाला होतात,” ते म्हणाले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

परांची उतरवत होते तेव्हा मी सदूभाऊंसमोर जाऊन उभी राहिले.

“सदूभाऊ, का?”

“मालकाचा आवाज आला ताई.”

“माझा येत नव्हता?”

ते केबल गुंडाळत राहिले. “येत हुता,” ते म्हणाले.

त्यांनी खोटं सांगितलं असतं तर मी मानलं असतं. लाईन खराब होती, गर्दीत ऐकू आलं नाही, काहीही. मला त्यांचा फार राग आला. नंतर ते म्हणाले, “इतकी वरसं लग्नं केली ताई. ‘आले आले’ म्हनलं की हात आपोआप वळतो. मी वळवला न्हाई.” तेही खरंच असणार. मला त्यानं काही बरं वाटलं नाही.

आबांना मात्र शेवटपर्यंत चूक कळली नाही. ते म्हणत राहिले, “साहेबांसमोर लोकांनी दंगा केला म्हनून काम बिघडलं. न्हाईतर झालंच हुतं.” साहेबांकडं ते त्यानंतरही जात राहिले. साहेब ‘बघू’ म्हणाले. ‘बघू’ म्हणणाऱ्या माणसाला दाखवायला म्हणून आम्ही तिन्ही कॅमेरे वळवले, आणि त्याला आमचं चॅनेल कधी लावून बघितल्याचंही आठवत नव्हतं.

पुढच्या महिन्यात एका साध्या दुपारी नेटवर्कनं आमचा सिग्नल काढला. शाळांच्या खो-खोचं रिपीट चालू होतं. एक मुलगी खुंटाकडं धावत होती, ती खुंटापर्यंत पोचायच्या आत पडदा निळा झाला. मला वाटलं होतं फोन येतील. आले, पण केबलवाल्यांकडं, की बॉक्स बिघडलाय का. नाही म्हटल्यावर लोकांनी दुसरं काहीतरी लावलं. आता त्या आकड्यावर एक गुरुजी राशीचे खडे विकतात. त्यांचा कॅमेरा हलत नाही.

ऑफिस रिकामं करत असताना पूनम आली. सोनईहून एसटीनं, एकटीच. मी तिला खेळताना पाहिलं होतं ते मॉनिटरवर, त्यामुळं आधी ओळखलंच नाही. दारात चप्पल काढून उभी राहिली.

“ताई, तुमी तिथं हुता ना?”

“होते.”

“मग तुमी सांगा. हात लागला हुता का न्हाई?”

मी मैदानापासून चार पावलांवर बसले होते. “मी नाही गं बघितलं,” मी म्हणाले. “टेम्पोत मला कॅमेरा दाखवील तेवढंच दिसतं.”

“मला माहिती हाय, लागला हुता,” ती म्हणाली. “तिच्या कोपराला. पन गावात म्हनत्यात, पोरीनं उगंच पदक घेतलं. पुणतांब्याच्या पोरी पन तेच म्हनत्यात. मी कुठं कुठं सांगू? म्हनून म्हनलं, तुमच्याकडं काय असंल तर बघावं.”

“त्यात फक्त साहेब आहेत पूनम.”

“तरी लावा.”

कॉम्प्युटर अजून पॅक व्हायचा होता. मी लावलं. पडद्यावर हार, फेटा, आबांचं हसू. मी मान खाली घातली. पण मॅटच्या कडेला आमचा एक माईक असायचा, आणि माईकला वळवायला कोणी नव्हतं. निवेदकाच्या कौतुकाखालून तिचा आवाज येत होता. “कबड्डी कबड्डी कबड्डी.” दम न तोडता, एका लयीत. पूनम पुढं सरकून ऐकायला लागली. तिचे ओठ हलत होते. आवाज जरा वर गेला, मॅटवर पाय घासल्याचा आवाज आला, आणि मग गलका.

“हितं,” ती म्हणाली. “हितं लागला हात. बघा.”

मी बघितलं. साहेब मिशीवरून बोट फिरवत होते.

तिनं तो तुकडा परत लावायला सांगितला. मी परत लावला. मग ती म्हणाली, “मला एवढं मोबाईलवर द्या. चित्र नसलं तरी चालंल. नुसता आवाज द्या.” मी आवाज वेगळा काढून दिला. तिनं जिन्यातच मोबाईल कानाला लावलेला मला दिसला. त्या आवाजानं गावात कोणाचं तोंड बंद होणार नाही, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

सदूभाऊ परत लग्नं करतात, त्यांच्या तारखा भरलेल्या असतात. मी एका कॉलेजात पोरांना कॅमेरा शिकवते. लाईव्ह मॅच कशी करायची, असं ती पोरं हमखास विचारतात. कॅमेरा कुठल्या कंपनीचा घ्यावा, लेन्स कोणती, त्यांना यादी हवी असते. मी त्यांना एकच सांगते. एक कॅमेरा मॅटकडं तोंड करून खांबाला तारेनं बांधून टाका, आणि त्याच्याजवळ माणूस ठेवू नका. कोण आलंय, ते त्या कॅमेऱ्याला कळत नाही.